खंडेनवमीच्या पाटावर

आश्विन शुद्ध नवमीचा दिवस उजाडला की महाराष्ट्रातील घराघरांतून, दुकानांतून आणि कारखान्यांतून एक पाट मांडला जातो. त्या पाटावर शेतकऱ्याचा कोयता येतो, सुताराचा रंधा आणि वाकस येतो, गवंड्याची थापी आणि ओळंबा येतो, सोनाराची हातोडी येते, शिंप्याची कात्री येते. वर्षभर जी हत्यारे आपल्या हाताखाली राबली, त्यांना त्या दिवशी गंधफूल वाहून आपण हात जोडतो. पांडवांनी शमीच्या झाडावर ठेवलेली शस्त्रे अज्ञातवास संपताच कशी उतरविली, ही कथा या दिवसांत सर्वत्र सांगितली जाते. आम्हीही ती गेली चाळीस वर्षे नवरात्राच्या कीर्तनांतून सांगत आलो आहोत. परंतु युद्धाच्या शस्त्रांची कथा सांगता सांगता, घर उभारणाऱ्या आणि देव घडविणाऱ्या हत्यारांची कथा आमच्याकडून राहूनच गेली होती. गेल्या वर्षी डहाणू तालुक्यातील वरोर या गावी एका पाटापुढे बसण्याचा योग आला आणि ती उणीव आम्हांला कळून चुकली. ती हकीकत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

उलटा देव कोरणारे हात

वरोर हे पालघर जिल्ह्यातील अरबी समुद्राच्या काठचे गाव. वाणगाव स्थानकात उतरावे, चिंचणीच्या वाटेला लागावे, आणि ताडाची झाडे, भाताची शेते व उन्हात वाळत घातलेली मासळी पाहत पुढे जावे. वाटेवरच्या कौलारू घरांतून मधूनच टक् टक् असा बारीक आवाज कानी येतो. प्रथम ऐकणाऱ्यास वाटते, कोणी नारळाची करवंटी फोडीत असावे. पण तो आवाज पोलादावर चालणाऱ्या छिन्नीचा असतो. चिंचणी, वरोर, वाढवण या किनारपट्टीतील कितीतरी घरांतून दागिन्यांचे ठसे, म्हणजेच ‘डाय’, कोरण्याचा उद्योग चालत आला आहे. सोन्याचांदीचा पातळ पत्रा ज्या पोलादी ठशावर ठेवून ठोकला असता त्यावर नक्षी उमटते, तो ठसा या लोकांच्या हातून घडतो. गळ्यातल्या पदकावरील लक्ष्मी, मंगळसूत्राच्या वाट्यांवरील वेलबुट्टी आणि देव्हाऱ्यातील चांदीचा टाक आपण रोज पाहतो. त्यांच्यामागे असा कोणी अनामिक कारागीर पाठीला बाक काढून बसलेला असतो, याचा विचार मात्र आपल्या मनास शिवत नाही.

आमचे यजमान सत्तरी ओलांडलेले असेच एक ठसेकार. ओटीवरील खिडकीपाशी त्यांची बैठक. समोर लाकडी ठोकळा, त्यावर घट्ट बसविलेला पोलादाचा तुकडा, उजव्या हाताशी लहानमोठ्या छिन्न्या, पोगर आणि कानशी. आम्ही कौतुकाने पाहत आहोत असे जाणवताच ते हसून म्हणाले, “बुवा, तुम्ही सरळ देवाची कथा सांगता, मी उलटा देव कोरतो. नाक उंच यायला हवं तर तिथं खोल जावं लागतं. कपाळ पुढं यायला हवं तर तिथं पोलाद काढून टाकावं लागतं. डोळ्यांना खड्डा दिसतो, पण मनात मूर्ती धरायची. आणि कोरून झालं की तापवून पाणी द्यायचं. तिथं चूक झाली तर महिन्याची मेहनत तडकते.”

आम्ही स्तब्ध झालो. देव उमटावयाचा असेल तर आधी आपल्यातील भरीव भाग काढून टाकावा लागतो, हे आम्ही व्यासपीठावरून दृष्टान्तामागून दृष्टान्त देऊन सांगतो. येथे एक वृद्ध गृहस्थ तेच कर्म पन्नास वर्षे, एका अवाक्षराने न सांगता, करीत आला होता.

घरातला वाद

त्या घरात आमचा मुक्काम तीन दिवस होता, आणि पहिल्याच रात्री जेवणानंतर एक वाद आमच्यापुढे आला. जुने घर मोडकळीस आले होते, नवे बांधावयाचे होते. मुलाने शहरातून सजावटीचा आराखडा करून आणला होता. दिवाणखान्यास छताखाली दुसरे शोभेचे छत, भिंतींना चकचकीत फळ्या, आणि जिन्याखाली जी जागा उरत होती तेथे दुकानातून आणावयाचे तयार देऊळ. नात मुंबईस वास्तुविद्येच्या चौथ्या वर्षात शिकत होती. तिने दुसराच कागद काढला होता. घराचा सांगाडा, आतील बैठका, कपाटे, दिवे आणि देव्हारा या सर्वांचा विचार तिने एकत्र केला होता. देव्हाऱ्यामागची पितळी महिरप आजोबांनी स्वतःच्या ठशांवरून घडवावी, अशी तिची कल्पना होती.

मुलगा म्हणाला, “बुवा, हे सगळं ऐकायला गोड आहे. पण घर बांधणारा वेगळा, आत सजवणारा वेगळा, मूर्ती करणारा वेगळा, हीच आजची रीत. सगळं एकत्र करत बसायला वेळ कुणाला आहे?”

नातीने एवढेच विचारले, “बुवा, शास्त्र काय सांगतं?”

यजमान काहीच बोलले नाहीत. मागाहून समजले ते असे की, संगणकावर चालणारी यंत्रे आल्यापासून त्यांच्या हाताला पूर्वीसारखे काम उरले नव्हते. घर पाडताना हत्यारेही भंगारवाल्यास द्यावीत, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते. वादाचे खरे मूळ येथे होते.

‘वास्तू’ या शब्दाचा विस्तार

शास्त्र काय सांगते, हा प्रश्न विचारणे सोपे आणि त्याचे उत्तर देणे जोखमीचे. आजकाल ‘वास्तुशास्त्र’ म्हटले की दाराची दिशा बदला, भिंत पाडा, आरसा हलवा एवढेच लोकांस आठवते. मूळ ग्रंथांचा आवाका याहून पुष्कळ मोठा आहे. ‘मयमत’ नावाच्या प्राचीन ग्रंथात वास्तूचे चार प्रकार सांगितले आहेत. पहिली भूमी, दुसरा प्रासाद म्हणजे इमारत, तिसरे यान म्हणजे वाहन, आणि चौथे शयन म्हणजे पलंग-आसनादी वस्तू. याचा अर्थ असा की, जमीन, तीवर उभे राहणारे घर आणि त्या घरातील पलंग यांना शास्त्रकार एकाच शब्दाने ओळखतो. ज्यास आपण ‘फर्निचर’ म्हणून मागाहून दुकानातून आणतो, ते त्याच्या दृष्टीने वास्तूचेच अंग आहे.

‘मानसार’ हा सत्तर अध्यायांचा ग्रंथ याहून पुढे जातो. नगररचना, अनेक मजल्यांची देवालये, राजगृहे आणि मूर्तींची परिमाणे सांगतो, तसाच तो मुकुट व अंगावरील अलंकार यांकडेही वळतो, आणि त्यांच्याच जोडीने दीपदंड, पंखा, आरसा, पेटी, झोपाळा या घरगुती वस्तूंची लक्षणेही देतो. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तही हाच प्रकार. गृहनिर्मिती, देवालय, प्रतिमा, शय्या व आसने, रत्ने या सर्वांस त्या एकाच ग्रंथात आपापले अध्याय आहेत. शय्येसाठी कोणते लाकूड घ्यावे हे सांगताना साग आणि शिसव यांची नावे येतात, आणि कोणते घेऊ नये हेही येते. विजेने वा वादळाने पडलेले झाड नको, स्मशानातले नको, आणि ज्यावर पक्ष्यांनी घरटी केली आहेत तेही नको. दुसऱ्याचे घर मोडून आपली शय्या करू नये, एवढी हळवी दृष्टी त्या काळी सुतारकामातही होती.

ही कामे करणारे चार शिल्पी ग्रंथांत सांगितले आहेत. स्थपती हा प्रमुख. सूत्रग्राही हा दोरी धरून मापे घेणारा, आणि तो बहुधा स्थपतीचा पुत्र किंवा शिष्य असावा असे म्हटले आहे. तक्षक हा दगड-लाकूड तासणारा, आणि वर्धकी हा तासलेले भाग जुळवून पूर्णत्वास नेणारा. कामे चार, पण मन एक. आपल्याच मुलखातील अंबरनाथचे शिवालय पाहावे. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेले ते मंदिर. तेथे भिंत कोठे संपते आणि मूर्ती कोठे सुरू होते, हे बोट ठेवून दाखविता येत नाही. प्रथम इमारत बांधली आणि मग तीवर शोभा चढविली, असे तेथे झालेलेच नाही.

‘विष्णुधर्मोत्तर पुराणा’च्या तृतीय खंडात वज्र राजा मार्कंडेय ऋषींना मूर्ती घडविण्याची विद्या विचारतो. ऋषी सांगतात, आधी चित्रविद्या शीक. चित्रासाठी नृत्य यावयास हवे, नृत्यासाठी वाद्य, आणि वाद्यासाठी गीत. अशा रीतीने शिल्पाचे मूळ शेवटी गायनापाशी जाऊन पोहोचते. आम्हां कीर्तनकारांस हा संवाद विशेष प्रिय आहे, हे निराळे सांगावयास नको.

आपल्या भाषेतील ‘अलंकार’ हा शब्दही येथे आठवतो. ‘अलम्’ म्हणजे पुरेसे, परिपूर्ण. ‘कार’ म्हणजे करणे. वस्तूस तिच्या कार्यासाठी परिपूर्ण करणे हा अलंकाराचा मूळ भाव. थोर कलामीमांसक आनंद कुमारस्वामी यांनी १९३९ साली एका निबंधात हेच प्रतिपादन केले होते की, प्राचीनांच्या दृष्टीने अलंकरण म्हणजे वरून लावलेली चैन नव्हे. ज्या घरात देवाची जागा उरलेल्या कोपऱ्यात जाते, त्या घरातील झगमगाटास म्हणूनच अलंकार हा शब्द लावता येत नाही.

पालघट आणि कणसरी

एवढे ऐकून मुलगा म्हणाला, “हे राजेरजवाड्यांचं झालं, बुवा. गरिबानं काय करावं?” त्याचे उत्तर त्याच्याच तालुक्यात होते. वरोरहून पूर्वेकडे आत गेले की वारली पाडे लागतात. जुन्या पद्धतीचे वारल्याचे घर म्हणजे कारवीच्या काठ्यांचा कुड, त्यावर माती आणि शेणाचा लेप. घर घरच्याच माणसांच्या हातांनी उभे राहते. लग्न ठरले म्हणजे सुवासिनी आतल्या भिंतीवर गेरूच्या सारवणावर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्या चौकात पालघट देवी विराजमान होते. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री, गाणी म्हणते. चौकाशिवाय लग्न नाही. कोपऱ्यातील कणगी बांबूची विणलेली आणि शेणाने लिंपलेली. तिच्यातील धान्य म्हणजे साक्षात कणसरी माता. गावाच्या शिवेवर लाकडावर वा दगडावर कोरलेला वाघोबा.

घर, घराचे अंतरंग आणि देवाची आकृती ही तिन्ही एकाच कुटुंबाच्या हातून, माती, काठी आणि मूठभर पिठातून होतात. याच डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही भिंतीवरची कला कागदावर आणि कापडावर नेली, आणि ती जगभर पोहोचली. २०११ साली त्यांस पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. जगाने त्यांच्या रेषांचे कौतुक केले ते योग्यच. परंतु त्या रेषा मुळात विवाहाच्या देवतेस घरात बोलावण्यासाठी होत्या, हे आपण तरी विसरू नये.

आजची शिल्पशाला

येथे नातीने जे सांगितले ते आम्हांस नवे होते. ती म्हणाली, “बुवा, आजही असं काम चालतं.” मुंबईचे वास्तुरचनाकार बिजॉय जैन परदेशातील शिक्षण व अनुभव घेऊन परतले आणि १९९५ च्या सुमारास त्यांनी ‘स्टुडिओ मुंबई’ ही संस्था सुरू केली. अलिबागच्या परिसरात त्यांनी कार्यशाळा उभारली. तेथे रचनाकार, सुतार आणि गवंडी एकाच ठिकाणी काम करीत. कागदावर रेघ ओढली की लगेच लाकडात, मातीत, दगडात तिचा नमुना करून पाहावयाचा, हाताने दुरुस्त करावयाचा, मग पुढे जावयाचे. २००७ साली नारळीच्या बागेत त्यांनी जे घर बांधले, त्याच्या झडपा ताडाच्या खोडाच्या लाकडातून केल्या. ज्या ताडाखालून आम्ही वरोरास आलो, तोच तो ताड! घर, त्यातील खुर्ची आणि मातीचे भांडे यांत त्या कार्यशाळेत उच्चनीच मानले गेले नाही. २०१० साली व्हेनिसच्या प्रदर्शनात त्यांनी ती कार्यशाळाच जणू उचलून नेली. २०२३ च्या डिसेंबरात पॅरिस येथे त्यांचे जे प्रदर्शन भरले, त्यात दगडाची व भाजक्या मातीची शिल्पे आणि बांबूच्या रचना होत्या. घरे बांधणाऱ्या त्याच मंडळींनी केलेल्या.

ही मंडळी हे कार्य कोणत्या भावनेने करतात, ते आम्ही ठरविणार नाही. परंतु स्थपती, सूत्रग्राही, तक्षक आणि वर्धकी यांना एका छपराखाली आणणे कालबाह्य झालेले नाही, एवढे त्यातून खचित सिद्ध होते. आमच्या यजमानांनी ते ऐकले मात्र, आणि प्रथमच तोंड उघडले. नातीला म्हणाले, “म्हणजे तिथं माझ्यासारख्याला बसायला जागा आहे?”

आमचा अपराध

दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वी आपले सांगावे, हा आमच्या संप्रदायाचा दंडक. तेव्हा आम्हीही आमची गोष्ट त्या कुटुंबास सांगितली. आमचा क्षेत्रातील जुना वाडा काही वर्षांपूर्वी पाडला गेला आणि त्या जागी सदनिका झाल्या. वाड्यात सागवानी देव्हारा होता. पणजोबांनी गावच्या सुतारास दारी बसवून करविलेला. त्यास लहान लहान दारे, वर घंटांची झालर, आणि उंबऱ्यावर चांदीची पट्टी. नव्या सदनिकेत तो बसेना. आम्ही, चार गावांत भक्तीच्या कथा सांगणारे, तो जुन्या सामानाच्या व्यापाऱ्यास देऊन मोकळे झालो आणि देव स्वयंपाकघरातील एका दगडी फळीवर मांडले. मातोश्री तेव्हा हयात होत्या. त्यांची दृष्टी मंदावली होती. रोज रात्री शेजारती झाली की त्या हात पुढे करून चाचपडत आणि विचारीत, “अरे, देवाचं दार कुठं आहे? लावायचं राहिलं ना?” त्या गेल्या, तरी आम्हांला तो प्रश्न रोज ऐकू येतो.

देव सर्वत्र आहे, त्यास देव्हाऱ्याची गरज नाही, हे आम्ही जाणतो. देव्हाऱ्याची गरज आपणांस आहे. रात्री त्याचे दार लावणारा हात आपल्यापेक्षा मोठे असे काही घरात वास करते, हे रोज शिकत असतो.

इंद्राचा वाडा

आता याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सुंदर घराचा मोह वाढू लागला म्हणजे त्यास अंत राहत नाही. ब्रह्मवैवर्त पुराणात कथा आहे. वृत्राच्या वधानंतर इंद्राने विश्वकर्म्यास अपूर्व नगर उभारण्याची आज्ञा केली. विश्वकर्मा रचीत गेला, इंद्र आणखी मागत गेला. शेवटी त्रासून विश्वकर्मा ब्रह्मदेवास शरण गेला. तेव्हा भगवान विष्णू बटूच्या रूपाने इंद्राच्या सभेत आले आणि तेथे चाललेली मुंग्यांची रांग पाहून हसले. म्हणाले, यातील प्रत्येक मुंगी कधी काळी इंद्र होती! तोच लोमश ऋषी आले, डोक्यावर छपरापुरती एक चटई धरलेले. घर का बांधीत नाही, असे विचारता ते उत्तरले, एवढ्याशा आयुष्यासाठी घर कशाला? इंद्राचा गर्व गळाला आणि त्याने विश्वकर्म्यास सन्मानाने निरोप दिला.

या कथेतून घर बांधू नये असा अर्थ कोणी काढू नये. विश्वकर्म्याचा अपमान मागणी न थांबण्यात होता. कारागिराच्या हातास ‘आता पुरे, हे परिपूर्ण झाले’ म्हणता येणे, हाच त्याचा सन्मान. तोच अलंकार शब्दातील ‘अलम्’!

नवमीची सकाळ

नवमीस पहाटे आम्ही उठलो तो यजमान ओटीवर पाट मांडीत होते. छिन्न्या, पोगर, कानशी तेलाने पुसून ओळीने ठेवल्या. मधोमध अर्धा कोरलेला ठसा. नातीने आपली पेन्सिल आणि गुण्या त्याशेजारी ठेवला. आम्ही आमच्या चिपळ्या ठेवल्या. पूजा सुरू होणार इतक्यात मुलगा घरात गेला आणि नव्या घराची जागा मोजण्यासाठी आणलेला फीत-टेप घेऊन आला. न बोलता त्याने तो पाटावर ठेवला. यजमानांनी त्यावरही झेंडूचे फूल वाहिले. वादाचा निकाल आम्ही दिला नाही. तशी वेळच आली नाही.

पुढे दिवाळीत नातीचे पत्र आले. देव्हाऱ्याची जागा प्रथम आखली, मग स्वयंपाकघर, मग बाकीचे. महिरपीचा ठसा आजोबांनी कोरावयास घेतला आहे आणि शेजारचा एक मुलगा कानस धरावयास शिकतो आहे. वाढवणच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. या किनाऱ्याचे रूप पुढे कसे होईल याची काळजी तेथील घराघरांत आहे, हेही तिने लिहिले आहे. सर्व चिंता एका देव्हाऱ्याने मिटणार नाहीत. परंतु हत्यारे भंगारात गेली नाहीत, एवढे झाले.

वाचकहो, उद्या आपणही पाट मांडाल. आपले घर ज्यांनी बांधले त्या गवंड्याचे आणि सुताराचे त्या वेळी स्मरण करा. नवे घर बांधणार असाल तर देवाची जागा उरलेल्यातून देऊ नका, पहिल्या रेघेतून द्या. मग ती हातभर का असेना. आणि जवळपास कोणी हाताने घडविणारा असेल तर एखादी वस्तू, निदान एक समई वा एक चौरंग, त्याच्याकडून सावकाश करवून घ्या. ज्या जगदंबेच्या हातांत सर्व आयुधे आहेत, तिने सर्व कारागिरांच्या हातांस बळ द्यावे आणि आपल्या घरास तिच्या वासाची योग्यता द्यावी, हीच तिच्या चरणी प्रार्थना.